मिलरचे भाकीत आणि ऑगस्टीनचा तिसरा सेवक

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची अपेक्षा ख्रिस्ती मतांगीकारातच अंतर्भूत आहे. वाद उपस्थित होतो तो त्या अपेक्षेस तिथी जोडल्यावर. या वादाचे अत्यंत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेतील विल्यम मिलर (१७८२–१८४९) याचे भाकीत होय.

मिलर हा न्यूयॉर्क राज्यातील बाप्टिस्ट शेतकरी. दानीएलाच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल असा उल्लेख आहे. मिलरने दिवसाचे वर्ष केले, पवित्रस्थानाची पृथ्वी केली, आणि इ. स. पूर्व ४५७ पासून मोजणी करून १८४३ च्या सुमारास प्रभू येणार असे ठरविले. इ. स. पूर्व १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, हे मागाहून ध्यानात आले. तो दिवस व ती घटका पुत्रासही ठाऊक नाही, या मार्काच्या तेराव्या अध्यायातील वचनावर या पंथाचे उत्तर असे की, दिवस अज्ञात असला तरी वर्ष अज्ञात नाही. उत्तर चतुर खरे. परंतु सॅम्युएल स्नो याने यहुदी प्रायश्चित्तदिनाच्या आधारे २२ ऑक्टोबर १८४४ ही तिथी काढली व मिलरनेही ती अखेरीस मान्य केली, तेव्हा ही पळवाटही बुजली. कित्येकांनी शेतातील पीक तसेच उभे ठेवले. तो दिवस नेहमीसारखाच मावळला.

या फजितीचे खापर बहुधा मिलरच्या अंकगणितावर फोडले जाते. वस्तुतः दोष वाचनाचा आहे. मूळ हिब्रूत 'दिवस' नसून 'संध्याकाळ-सकाळ' अशी शब्दयोजना आहे. मंदिरात रोज दोन वेळा होणाऱ्या होमांशी तिचा संबंध जोडून काही अभ्यासक ती मुदत ११५० दिवसांची मानतात. शिवाय त्याच अध्यायात मेंढा म्हणजे मेद व पारस आणि बकरा म्हणजे ग्रीस, असा उलगडा देवदूतच करतो. त्यापुढील उद्दाम राजा हा अँटायोकस चौथा, असे आधुनिक संशोधकांचे प्रायः एकमत आहे. त्याने इ. स. पूर्व १६७ मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले. १६४ मध्ये त्याची पुनःप्रतिष्ठा झाली. छळात सापडलेल्या समकालीनांस, या दुःखाला सीमा आहे, असे सांगणारी ही संख्या आहे. सांत्वनपर दृष्टान्ताचे मिलरने पंचांग केले.

मिलरची सचोटी मात्र वादातीत आहे. आपण चुकलो हे त्याने उघडपणे कबूल केले. अनुयायांपैकी हायरम एडसन प्रभृतींनी निराळा मार्ग काढला: तिथी खरी, पण पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले. अंक राखण्यासाठी अर्थ हलविण्यात आला. १८६३ मध्ये संघटित झालेल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीच्या सिद्धान्ताचे मूळ येथे आहे.

ऑगस्टीनने सुमारे चौदा शतके आधी, सालोनाचा बिशप हेसिकियस यास लिहिलेल्या पत्रात, याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता. त्यात धन्याची वाट पाहणारे तीन सेवक येतात. तिघेही जागेच आहेत. एक म्हणतो, धनी लवकर येईल. दुसरा म्हणतो, उशिरा. तिसरा म्हणतो, मला ठाऊक नाही. ऑगस्टीनचा कौल तिसऱ्याकडे आहे. पहिल्याविषयी त्याला भीती वाटते ती अशी की, धन्यास विलंब झाला तर ऐकणाऱ्यांचा धन्याच्या येण्यावरचाच विश्वास उडावा. १८४४ नंतर मिलरच्या श्रोत्यांपैकी काही जण, पुनरागमन आधीच घडून गेले असे मानणाऱ्या शेकर समाजात गेले; काहींनी धर्माकडेच पाठ फिरविली.