नोटांच्या सूचीतील प्रकारभेद : मुंबई मंडळाच्या निमित्ताने

जुन्या नोटांच्या सूचीत आधी मूल्य, मग स्वाक्षरी आणि शेवटी मंडळ असा क्रम लावण्याची प्रथा दिसते. हा क्रम सोयीचा खरा. परंतु 1861 च्या कायद्यान्वये निघालेल्या नोटांना तो लावल्यास मूळ वस्तुस्थिती झाकली जाते. त्या काळी नोट ज्या चलनमंडळातून निघे, त्या मंडळातच तिचे रुपये हक्काने मागता येत. मावळ मुंबई मंडळात मोडे. लोणावळ्याच्या एखाद्या व्यापाऱ्यापुढे मुंबई आणि कलकत्ता अशा दोन मंडळांच्या दहा-दहा रुपयांच्या नोटा आल्या असत्या, तर त्याने स्वाक्षरी नव्हे, गावाचे नाव पाहिले असते. धारकाने जे प्रथम पाहावे, ते सूचीकाराने शेवटी नोंदवावे, हे विपरीत होय.

1903 ते 1911 या काळात 5, 10, 50 व 100 रुपयांच्या नोटा क्रमाक्रमाने मंडळाबाहेरही वटू लागल्या. तेथून मंडळाचे महत्त्व उतरते. 30 नोव्हेंबर 1917 रोजी निघालेल्या एक रुपयाच्या नोटेवर नाण्याच्या चित्रातील वर्ष 1917 हेच राहते. काळ सांगते ती गबे, मॅक्वॉटर्स किंवा डेनिंग यांची स्वाक्षरी. तेथे रूढ क्रम योग्यच आहे. सारांश, एकच लक्षण एका काळी मुख्य भेद ठरते, दुसऱ्या काळी उपभेद. एका सूचीत दोन क्रम सूचीकारांना रुचत नाहीत, पण कायदा बदलला त्याला इलाज नाही.

भाषांच्या पट्ट्यांविषयीही असाच घोटाळा संभवतो. हिरव्या मालिकेतील चार भाषा मंडळागणिक बदलत. तेथे भाषा हा स्वतंत्र भेद धरला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. शिवराईवरील अक्षरांचे फरक पुष्कळदा ठसा कोरणाऱ्याच्या हाताचे असतात. नोटेवरील भाषा मात्र सरकारी निर्णयाची असते.

खरी कसोटी अर्ध्या नोटेची. रक्कम टपालाने पाठविताना नोट मधोमध कापून एक अर्ध आधी धाडीत, आणि पोच आल्यावर दुसरे. 1863 मध्ये भोर घाटातील लोहमार्ग खुला झाल्यावर मुंबईचे टपाल मावळात याच वाटेने येऊ लागले. जोडलेली नोट हा नवा प्रकार नव्हे, कारण कात्री प्रचारात आल्यानंतर लागली आहे. तथापि तिला ‘फाटकी’ म्हणून अवस्थेच्या रकान्यात ढकलणे हा प्रमाद आहे. एखाद्या पेढीच्या चोपड्यात एकच अर्ध सापडले, तर ते मूळ प्रकाराखालीच, परंतु डावे की उजवे, क्रमांक कोणता आणि पाठीवर काही लिहिले आहे काय, हे सांगणाऱ्या स्वतंत्र नोंदीने दाखल व्हावे. म्हणजे दुसरे अर्ध उद्या अन्यत्र निघाले, तर जुळविता येईल.