दुकानाच्या नावाची सायकल

सायकलीवर का कुणी समीक्षा लिहितं, असं काही वाचकांच्या मनात येईल. येवो. नाटकं, गाण्याच्या मैफली आणि दिवाळी अंक यांवर आपण भरपूर लिहितो. सायकलीची फ्रेम हीही एक रचनाच आहे आणि ती बरी की वाईट हे ठरवायला चांगले कडक निकष आहेत. मला ज्या फ्रेमविषयी लिहायचं आहे ती मात्र अभिजात वगैरे मुळीच नाही. कपडे, कढया, शिवणयंत्रं आणि खेळणी एकाच छपराखाली विकणारी जी मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स, त्यांनी स्वतःच्या नावाची पट्टी लावून विकलेल्या सायकलींची ही गोष्ट. जाणकार मंडळी या सायकलींकडे पाहून नाक मुरडतात. माझं म्हणणं असं, की त्यांतल्या बऱ्याच जुन्या सायकलींत उत्तम फ्रेम दडलेली असते, आणि या नाक मुरडण्यापायीच त्या भंगारात जातात.

नावावरून पारख करण्याची सवय आपल्याला घरूनच लागलेली आहे. ज्यांचं बालपण पुण्यात, नगरला किंवा सांगलीत गेलं त्यांना आठवेल, की एका घरात हर्क्युलिसचा अभिमान असे, शेजारच्या घरात फिलिप्सचा, आणि बी.एस.ए.वाले दोघांकडेही दयेनं पाहत. नगरपालिकेचा बिल्ला सर्वांना सारखाच. पण पुढच्या नळीवरचा कंपनीचा छाप ही घराण्याची निशाणी. आता गंमत पाहा. ही तिन्ही नावं भारतात एकाच कंपनीची होती. मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्सचा कारखाना, तिथून ही भावंडं बाहेर पडत. रॅलेचं घर तेवढं वेगळं, आसनसोलला, सेन-रॅले कंपनीचं. तिकडे इंग्लंडात तर १९६० साली ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सनं रॅलेच ताब्यात घेतली आणि ही सगळी नावं एकाच छत्राखाली आली. ओट्यावर बसून आपले काका-मामा ज्या निष्ठेनं भांडत होते, तिच्यातली बरीचशी छापील पट्टीवरची होती.

डिपार्टमेंट स्टोअरच्या सायकलीत हाच प्रकार उघडपणे चाले. अमेरिकेतल्या सिअर्स, रोबक या दुकानाचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. शिकागोचं हे दुकान टपालानं जाडजूड कॅटलॉग पाठवून खेड्यापाड्यांत माल विकायचं. सायकलीला त्यांनी आधी 'जे. सी. हिगिन्स' हे नाव लावलं, साठीच्या दशकात बेसबॉलपटू टेड विल्यम्सचं, आणि सत्तरीत 'फ्री स्पिरिट'. सिअर्सचा स्वतःचा सायकल कारखाना नव्हता. सायकल कुणी बनवली हे ग्राहकाला सांगण्याची त्यांना गरजही वाटत नव्हती. त्यामुळे एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या सायकली विकल्या जात. एक मरे कंपनीची, अमेरिकन, वेल्डिंगची, वजनानं म्हैस. दुसरी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या श्टायर-डाइमलर-पूख कंपनीची. पूख म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून सायकली करणारं घराणं. मोटारसायकलीही त्यांनी केल्या. ग्राझच्या त्या कामगारांना चांगली फ्रेम जोडण्याची सवयच होती, आणि शिकागोहून आलेली ऑर्डर स्वस्तातली म्हणून त्यांचा हात मुद्दाम वाकडा झाला नाही, एवढंच यामागचं रहस्य.

अशी एक तीन गिअरची सिअर्स माझ्याकडे आहे. सिंगापूर सोडून निघालेल्या एका अमेरिकन कुटुंबाकडून आली. सीटखालच्या नळीवर बारीक अक्षरांत 'मेड इन ऑस्ट्रिया'. मागच्या चाकाच्या हबवर नाव सिअर्सचं, पण आतलं यंत्र इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चरच्या धर्तीचं, त्यांच्या परवान्यानं ऑस्ट्रियात केलेलं. फ्रेमच्या प्रत्येक सांध्यावर लग आहे. लग म्हणजे दोन नळ्या ज्यात बसवायच्या ती पोलादी खोबण. नळी आत सरकवून पितळ वितळवायचं, ते फटीत आपोआप ओढलं जातं आणि थंड झालं की सांधा पक्का. यात नळीचं पोलाद वितळत नाही, वेल्डिंगइतकं तापतही नाही, म्हणून सांध्यालगत ते कच्चं पडण्याची भीती कमी. माझ्या सायकलीच्या लगांच्या कडा स्वच्छ आहेत, पितळेचे ओघळ नाहीत, आणि मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळ्या सीटच्या सांध्याला जिथे भेटतात तिथे कुणीतरी कानस फिरवल्याचं दिसतं. कॅटलॉगमधून कढईबरोबर मागवलेल्या वस्तूवर कुणी कानस फिरवत बसलं, हे मला फार थोर वाटतं.

मात्र गैरसमज नको. ही शर्यतीची फ्रेम नव्हे. १९३५ साली निघालेल्या रेनॉल्ड्स ५३१ या मिश्र पोलादाच्या नळ्या, ज्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात, त्यांची सर हिला नाही. हिचं पोलाद साधं, नळी एकसारख्या जाडीची, म्हणून सायकल जड. भुकिट तिमाच्या चढावर ते लगेच कळतं. पण सरळ रस्त्यावर हात सोडले तर ती नाकासमोर जाते, खड्ड्यात आदळली तर कुरकुरत नाही, मागे सामान लादलं तर शेपटी हलवत नाही. चालवणाऱ्याला फ्रेमची आठवणच होऊ नये, ही चांगल्या फ्रेमची माझी कसोटी आहे आणि तिला ही उतरते.

चांगली फ्रेम अशा दुकानात पोचली कशी, याचं उत्तर सद्‌भावनेत नाही, बाजारात आहे. सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलीची लाट आली. १९७३ साली तिथे दीड कोटींच्या आसपास सायकली खपल्या, आणि पूर्वीसारख्या फक्त मुलांसाठी नव्हे तर मोठ्यांसाठीही. स्थानिक कारखान्यांना तेवढा माल काढणं जमेना. दुकानांचे खरेदी अधिकारी युरोपात आणि जपानात जिथे मिळेल तिथून सायकली उचलू लागले. त्या कारखान्यांकडे हलकी फ्रेम करण्याचे स्वस्त, वाईट मार्ग अजून आलेच नव्हते. लग आणि पितळ हीच त्यांची रोजची पद्धत. म्हणजे तेव्हा स्वस्त सायकल घेणाऱ्याला चांगली फ्रेम चुकवणं काही वेळा कठीण होतं! काटकसर झाली ती इतरत्र: पोलादी रिमा, जडशीळ पायडलं, रेक्झिनच्या सीटा. या गोष्टी बदलता येतात, म्हणून मी त्यांना फार मनावर घेत नाही.

उलट गोष्टही सांगितली पाहिजे. श्विन हे अमेरिकेतलं मानाचं नाव. त्यांच्या सायकली डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नव्हे, खास विक्रेत्यांकडे मिळत, आणि त्यांचं 'व्हार्सिटी' हे गाजलेलं मॉडेल तोलायला गेलं तर अठरा किलोंच्या घरात. मजबूत होतं, पण सिअर्सच्या ऑस्ट्रियन सायकलीला हसावं असं त्यात काही नव्हतं. पुढे १९९२ साली श्विनचं दिवाळं निघालं, २००१ साली पुन्हा, आणि ते नाव विकत घेणाऱ्यांनी ते वॉलमार्टच्या फळीवर नेऊन ठेवलं. खुद्द रॅलेनं १९९९ साली इंग्लंडात फ्रेमी करणं थांबवलं आणि नॉटिंगहॅमचा कारखाना २००२ साली बंद झाला. नाव एका गावाला, फ्रेम दुसऱ्या. जुन्या दुकानी सायकलीत नाव हलकं आणि फ्रेम भारी असे. आता पुष्कळदा नेमकं उलट दिसतं.

लग म्हणजेच गुणवत्ता, असंही मी म्हणत नाही. लगांची पूजा करणारा एक पंथ आहे, त्याची दीक्षा मी घेतलेली नाही. तैवानची जायंट कंपनी १९७२ साली सुरू झाली, सुरुवातीला दुसऱ्यांच्या नावाखाली सायकली बनवायची, श्विनच्यासुद्धा; आज तिच्या वेल्डिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमी फार चांगल्या असतात. आणि लग असूनही भिकार फ्रेम मी पाहिल्या आहेत, ज्यांत पितळ सांध्यात पोचलंच नव्हतं आणि वरून रंग फासला होता.

साध्या फ्रेमीनं काय सोसावं याचे दाखले शोधायला सिंगापूरकरांना अमेरिकेत जाण्याचीही गरज नाही. १९४७ साली इथल्या हातरिक्षा बंद झाल्या आणि त्यांची जागा ट्रायशॉनं घेतली. ट्रायशॉ म्हणजे साध्या सायकलीला बाजूनं जोडलेली गाडी. सायकल वळताना आतल्या अंगाला झुकते हे गृहीत धरून तिची फ्रेम केलेली असते; बाजूला दोन माणसं बसवली की ती झुकूच शकत नाही, आणि सगळा ताण फ्रेमला आडवा पिळतो. कोणत्याही कारखानदारानं हा हिशेब केला नव्हता, तरी त्या फ्रेमी वर्षानुवर्षं टिकल्या.

दुसरा दाखला कडवट आहे. ८ डिसेंबर १९४१ रोजी मलायात उतरलेलं जपानी सैन्य १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडेपर्यंत द्वीपकल्पातून खाली आलं ते बऱ्याच अंशी सायकलींवर. पूल उडवलेले असले की सायकल खांद्यावर घेऊन नदी पार करायची. टायर फाटले तर नुसत्या रिमवर चालवायची. रात्री तो खडखडाट ऐकून समोरच्यांना रणगाडे आल्याचा भास होई. त्याआधीच्या दशकात स्वस्त जपानी सायकली मलायाच्या गावोगाव विकल्या गेल्या होत्या, त्यामुळे सुटे भाग वाटेतच मिळत गेले. समोरच्या फौजेत आपले हजारो भारतीय जवान होते, म्हणून या गोष्टीचं कौतुक जिभेवर येत नाही. पण 'स्वस्त जपानी माल' म्हणून त्या काळी जिची टिंगल होई, ती सायकल पाठीवर शिपाई आणि सामान घेऊन इतकी दूर आली, हे फ्रेमचं समीक्षण म्हणून नजरेआड करता येत नाही.

आजच्या सिंगापुरात जुनी फ्रेम कुठे भेटते? आपल्याच ब्लॉकखाली, व्हॉइड डेकजवळच्या सायकलस्टँडवर. धूळ बसलेली, टायर बसलेले, आणि हँडलला टाऊन कौन्सिलची नोटीस बांधलेली. मुदत संपली की ट्रक येतो. कारांग गुनीवाल्याला तिच्यात लोखंडाचा भाव दिसतो. पूर्वी सुंगेई रोडच्या बाजारात, ज्याची पुण्याच्या जुन्या बाजाराशी नाळ जुळावी असा तो होता, अशा वस्तूंना दुसरी संधी मिळे. तो जुलै २०१७ मध्ये उठला. पाठोपाठ २०१८ साली ओबाइक कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि तिच्या पिवळ्या-करड्या सायकली ढिगांनी पडून राहिल्या. त्या सायकलींची रचना मात्र मी मनापासून वाईट म्हणेन. कुणाच्याच मालकीच्या नाहीत, कुणीच दुरुस्त करू नयेत, असा विचार करून केलेली ती वस्तू होती. सिअर्सच्या सायकलीवर मालकाचं नाव चुकीचं होतं. ओबाइकला मालकच नव्हता.

म्हणून नोटीस लागलेल्या सायकलीपाशी, ती आपली किंवा शेजाऱ्याची असेल तर, पाच मिनिटं थांबावं. पट्टीवरचं नाव वाचू नये. आधी हँडलखालच्या सांध्याच्या लगेच मागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवावं. तिथे फुगवटा किंवा रंगाच्या सुरकुत्या लागल्या तर सायकल समोरून कुठेतरी आदळलेली आहे, सोडून द्यावी. मग दोरा घ्यावा. मागच्या चाकाच्या एका खाचेत बांधून तो पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणावा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीनं मोजावं. दोन्हीकडे सारखं, तर फ्रेम सरळ. एखाद-दोन मिलिमीटरचा फरक मी माफ करतो. चाकाची खाच जाड पोलादाची आहे की पत्रा दाबून केलेली, हे नुसत्या नजरेनं कळतं. शेवटी सीटचा दांडा उपसून आत बॅटरी मारावी. इथल्या दमट हवेत फ्रेम बाहेरून नव्हे, आतून मरते. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि खाली क्रँकच्या पेटीत साचतं. पेटीच्या तळाला भोक असेल तर उत्तम, नसेल तर रंग खरवडून टोचून पाहावं. गंजाचे पापुद्रे पडले तर खेळ संपला.

एवढं पार पडलं की खर्चाचा विचार. पोलादी रिमा आधी बदलाव्यात, आणि यात मी सवलत देत नाही: क्रोमच्या ओल्या रिमवर रबराचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही, आणि सिंगापुरात रिम ओली व्हायला दुपारचे तीन वाजले की पुरे. मुलांना अशी सायकल देणार असाल तर ॲल्युमिनियमच्या रिमा बसेपर्यंत ती घराबाहेर काढू नये. छर्रे आणि केबली स्वस्त आहेत. अडतं ते क्रँकच्या कॉटर पिनेशी. इथल्या चकचकीत दुकानांत कॉटर म्हणजे काय हे सांगण्यातच वेळ जातो. लुधियानाच्या पिना मात्र पुण्यात कोणत्याही सायकलवाल्याकडे मिळतात, बाकरवडीच्या पुड्यांमध्ये सहज मावतात आणि विमानतळावर कुणी हटकत नाही. जाण्यापूर्वी जुनी पिन काढून मोजून न्यावी, कारण ब्रिटिश मापाची साडेनऊ मिलिमीटरची असते आणि बऱ्याच युरोपीय सायकलींना नऊची लागते.