मौलिकतेचा धाक

नवोदित लेखकाच्या वाटेत ज्या अडचणी येतात त्यांपैकी वेळेची टंचाई, प्रकाशकांची अनास्था आणि घरच्यांची थट्टा या बाहेरच्या होत, व त्यांची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. एक अडचण मात्र आतली आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ती म्हणजे मौलिकतेचा धाक. ‘मी लिहितो ते खरोखर माझे आहे काय? हे कोणीतरी पूर्वीच, आणि माझ्याहून चांगले, लिहून ठेवलेले नाही काय?’ हे दोन प्रश्न ज्याच्या मनात एकदा ठाण मांडून बसले, त्याची वही टेबलाच्या खणातून सहसा बाहेर येत नाही.

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा धाक अधिकच जाणवतो. अड्यारला राहणाऱ्या मराठी कारकुनाची स्थिती पाहावी. शेजार तमिळ, कचेरीत इंग्रजी व हिंदी, आणि मराठी काय ती जेवणाच्या पानावर व टपालाने येणाऱ्या मासिकात. अशा माणसास वाटते की वाङ्मयाचा खरा बाजार पुण्यामुंबईस भरतो. आपल्यापर्यंत येतो तो त्याचा पडसाद. आणि आपण लिहू तो पडसादाचाही पडसाद होईल. त्यातून आता काही क्षणांत चार कडवी जुळवून देणारी यंत्रे निघाली आहेत. जे यंत्रालाही साधते त्यासाठी आपण कशाला झिजावे, अशी निराशा त्यात भर घालते.

कचेरीतील कामाचाही या मनःस्थितीशी संबंध आहे. सरकारी लेखन हे पूर्वाधारावर चालते. मागील पत्रव्यवहार पाहिल्यावाचून टिपण लिहिता येत नाही, व जुना मसुदा समोर ठेवल्यावाचून नवा मसुदा होत नाही. दिवसभर पूर्वाधाराच्या आधारे लिहिणारा मनुष्य रात्री कवितेची वही उघडतो तेव्हा त्याला वाटते की येथे नेमके उलटे हवे; येथे पूर्वाधार म्हणजे पाप. माझ्या मते या समजुतीतच सारा घोटाळा आहे. वाङ्मयात पूर्वाधार असतोच. फरक एवढाच की तेथे त्याखाली सही करून मोकळे होता येत नाही.

कवीने सर्वस्वी अपूर्व असलेच पाहिजे ही अपेक्षा आपल्याकडे तशी अलीकडची आहे. इंग्लंडात एडवर्ड यंगने १७५९ साली मौलिक रचनेवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि पुढे रोमँटिक कवींच्या काळात ती कल्पना युरोपभर रुजली. आपल्याकडे ती इंग्रजी शिक्षणाबरोबर आली. त्यापूर्वीच्या मराठी कवीस हा धाक ठाऊक नव्हता. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवर टीका लिहिली तेव्हा आपण जुन्या भाष्यकारांना विचारीत विचारीत चाललो आहोत हे त्यांनी स्वच्छ सांगून टाकले. आणि तरीही तो ग्रंथ दुसऱ्या कोणाचा आहे असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणास झाले नाही. मोरोपंतांनी सारे महाभारत आर्येत आणले आणि रामकथा तर शंभराहून अधिक रीतींनी सांगितली. कथा आपली नाही याची त्यांना यत्किंचितही लाज वाटली नाही.

यावर कोणी म्हणेल की मग चोरीलाही मोकळीक झाली. तसे मुळीच नाही. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा जो विचार केला आहे तो आजच्या आपल्या भाबड्या भीतीपेक्षा पुष्कळच सूक्ष्म आहे. नवव्या शतकातील काश्मीरचा आनंदवर्धन ‘ध्वन्यालोका’च्या अखेरच्या उद्योतात दोन कवींमधील साम्याचे तीन प्रकार करतो. एक आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे आणि तिसरे दोन सारख्या दिसणाऱ्या देहांसारखे. पहिली दोन त्याज्य. तिसऱ्याची मात्र भीती बाळगू नये, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. कारण चेहरे सारखे असले तरी आत्मा निराळा असेल तर ती माणसे दोनच होत.

पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विषयाला कित्येक अध्याय दिले. हा राजशेखर आपल्या वाचकांस जवळचा वाटावा असा आहे. आपल्या पूर्वजास महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवून घेणारा हा पंडित इ. स. ९०० च्या सुमारास दूर कनोजला प्रतिहार राजांच्या पदरी होता. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलखाबाहेर नेमणूक झालेला गृहस्थ! त्याचा हा ग्रंथही प्रथम छापला गेला तो १९१६ साली बडोद्यास, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून. चोरी न करणारा कवी आणि चोरी न करणारा वाणी जगात सापडायचा नाही, असे तो मिस्किलपणे म्हणतो. या चर्चेत तो आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही नोंदवतो. पण त्याचा भर थट्टेवर नाही, वर्गीकरणावर आहे. आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत तो चौथा मिळवतो: परपुरप्रवेश. योगी जसा दुसऱ्याच्या देहात शिरतो तसे मूळ वस्तू एकच, पण तिचा सारा परिकर, सारी मांडणी अगदी निराळी. ‘पुर’ म्हणजे येथे देह हे खरे; पण परक्या पुरी बिऱ्हाड केलेल्या मराठी लेखकाने हा शब्द दुसऱ्या अर्थानेही मनाशी जपून ठेवावा.

या वर्गीकरणाचा उपयोग असा की ‘हे आधी कोणी म्हटले आहे काय?’ हा निरुत्तर करणारा प्रश्न बाजूला पडतो. त्याच्या जागी ‘म्हटले असेल, तर माझे आणि त्याचे नाते कोणत्या प्रकारचे?’ हा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास सारे वाङ्मय वाचलेले असावे लागेल. दुसऱ्याचे उत्तर लेखक स्वतःच्या वहीसमोर बसून प्रामाणिकपणे देऊ शकतो.

अर्वाचीन मराठीत या नात्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण बा. सी. मर्ढेकरांचे आहे. तेही सरकारी सेवेतले. १९३८ पासून ते नभोवाणी खात्यात होते आणि १९५६ साली, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, दिल्लीस वारले. त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ १९३९ चा. तो आज हाती घेणाऱ्यास त्यात बालकवींची छाया दिसते, माधव जूलियनांची दिसते, रविकिरण मंडळाचे वळण दिसते; मर्ढेकर मात्र क्वचितच दिसतात. शब्द गोड आहेत, वृत्ते बिनचूक आहेत, आणि दुःख जरासे उसने आहे. त्याच वेळी मौलिकतेचा धाक घेऊन ते थांबले असते तर मराठी कवितेचा इतिहास आज निराळा लिहावा लागला असता.

आठ वर्षांनी, १९४७ मध्ये, ‘काही कविता’ हा संग्रह आला आणि मराठी कवितेचे वळणच बदलले. पिंपात मेलेल्या उंदरांवरील त्यांच्या ज्या कवितेने वाचकांत खळबळ उडवली ती छापणारे ‘अभिरुची’ हे मासिक बडोद्याचे होते, महाराष्ट्रातले नव्हे, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु मुख्य मुद्दा वेगळा. या दुसऱ्या संग्रहात मर्ढेकरांनी उसने घेणे सोडून दिले, म्हणून ते मौलिक झाले असे म्हणता येईल काय? वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. येथे त्यांचे ऋण वाढले आहे. एका हाताने त्यांनी एलियटसारख्या इंग्रजी कवींपासून घेतले आणि दुसऱ्या हाताने थेट तुकाराम-रामदासांपर्यंत पोचून ओवी व अभंग हे जुने छंद उचलले. ज्या छंदात पंढरीची आर्त व्यक्त झाली त्यात त्यांनी गिरण्या, यंत्रे आणि महायुद्धानंतरचे माणसाचे क्षुद्रपण बसवले. ‘शिशिरागमा’त ऋण थोडे होते आणि ते जवळच्या शेजाऱ्यांचे होते, ‘काही कविता’त ते मोठे आहे आणि दूरचे आहे. शेजाऱ्याचा सूर कानावर सतत पडतो म्हणून तो नकळत आपल्या गळ्यात उतरतो. दूरचा सूर मुद्दाम जाऊन आणावा लागतो, आणि आणताना तो आपल्या गरजेप्रमाणे बदलतो. मर्ढेकरांची गरज खरी होती, आणि म्हणूनच ऋण फिटले.

त्यांनी स्वतः ‘वाङ्मयीन महात्मता’ या १९४१ च्या पुस्तकात लेखकाच्या आत्मनिष्ठेवर जो भर दिला तो या दोन संग्रहांच्या मधला आहे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. आत्मनिष्ठा आणि नावीन्य या एकच गोष्टी नव्हेत. नावीन्याचे माप इतरांकडे पाहून घ्यावे लागते. आत्मनिष्ठेचे माप आपल्या अनुभवाकडे पाहून घेता येते.

आता राहिला दूरत्वाचा प्रश्न. मुलखापासून दूर असल्यामुळे आपले लेखन उसने ठरेल, ही भीती कितपत खरी आहे? आपण राहतो त्या प्रदेशाचा इतिहासच याचे उत्तर देतो. येथून दक्षिणेस तंजावरला भोसले घराण्याचे राज्य होते. तेथील शहाजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस तेलुगू यक्षगानाच्या धर्तीवर मराठी नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांपैकी एक होय, आणि मराठीतील आद्य नाटकाचा मान कित्येक अभ्यासक त्याला देतात. ज्यांना तो मान सांगलीच्या विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’स द्यावयाचा आहे त्यांनाही उसनवारीतून सुटका नाही, कारण कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहूनच सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसा खेळ मराठीत करावयास सांगितले होते. कोणताही पक्ष घ्या, मराठी रंगभूमीचा जन्म शेजारच्या भाषेचे बोट धरूनच झालेला आहे.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. मराठी कीर्तन तंजावरास पोचले, व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी त्याला तमिळ हरिकथेचे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली नावे त्या हरिकथेने तशीच ठेवली. तमिळ श्रोत्यास हरिकथा परकी वाटत नाही, व ती आपली चोरलेली आहे असे कोणी मराठी मनुष्य म्हणत नाही. राजशेखराचा परपुरप्रवेश तो हाच.

अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात एक प्रचंड वड आहे. तो सुमारे साडेचारशे वर्षांचा मानतात. १९८९ साली वादळात त्याचा मूळ बुंधा कोसळला. झाड मात्र उभे आहे, कारण पारंब्या जमिनीत शिरून केव्हाच खोडे झालेल्या होत्या. यांतील मूळ झाड कोणते, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. प्रत्येक पारंबी वरून लोंबते तोवर ती फांदीची मिंधी असते. तिला माती लागली की ती स्वतः भार घेऊ लागते. नवोदित लेखकाचे पहिले अनुकरण म्हणजे लोंबती पारंबी. तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. पण ती जन्मभर लोंबतच राहिली, तर मात्र ती केवळ शोभा होय.

ही माती कोणती? परप्रांतीय मराठी लेखकापुरते बोलायचे तर ती त्याच्या पायाखालीच आहे. बदलीचा हुकूम आल्यावर मुलांच्या शाळेचा हिशेब करणारी गृहिणी, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तमिळमध्ये उत्तर देणारी मुलगी, केंद्र सरकारच्या वसाहतीत एका जिन्यावर राहणारी पाच भाषांची बिऱ्हाडे, निवृत्तीनंतर कोणत्या गावी जावे हे न सुचणारा अधिकारी: हे जग मराठी कथाकवितेत त्याच्या व्याप्तीच्या मानाने फार थोडे उतरले आहे असे मला वाटते. ज्याच्यापाशी हे सारे आहे त्याने, मुंबईच्या चाळीवर आणखी एक कथा आपल्याला लिहिता येत नाही म्हणून खंत करावी, हे विचित्र आहे.

अर्थात केवळ विषय नवा म्हणून लेखन स्वतंत्र होत नाही. नव्या विषयावरही प्रतिबिंब पडू शकते. बिऱ्हाड अड्यारचे असून उसासा मात्र एखाद्या नामवंत लेखकाचा असू शकतो. म्हणून कसोटी वाक्यावाक्यास लावावी. हे वाक्य मी पाहिल्यामुळे आले की वाचल्यामुळे? वाचल्यामुळे आले असेल, तर येथे ते काही नवे काम करीत आहे काय? करीत असेल तर राहू द्यावे व जेथे ऋण ठळक आहे तेथे ते नाव घेऊन मान्य करावे. करीत नसेल तर निर्दयपणे खोडावे. मात्र हे खोडण्यासाठी आधी वाक्य लिहिलेले असले पाहिजे. कोऱ्या वहीवर ही कसोटी चालत नाही, आणि मौलिकतेच्या धाकाचे खरे नुकसान तेच आहे: तो वाईट वाक्ये अडवीत नाही, लेखकालाच अडवतो.

मर्ढेकरांना ‘शिशिरागमा’पासून ‘काही कविता’पर्यंत आठ वर्षे लागली, आणि तीही सरकारी नोकरी सांभाळून. आपल्यापैकी कोणास सोळा लागतील, कोणास आयुष्यही पुरणार नाही. तरीही तो काळ वही बंद ठेवून नव्हे, लिहीतच काढावा लागेल. कोणाचे ऋण घेतले याची भीती बाळगण्याऐवजी ते कशासाठी घेतले याचा जाब लेखकाने स्वतःला विचारावा. तो जाब ज्याला देता येईल त्याने मौलिकतेची चिंता टीकाकारांवर सोपवून खुशाल लिहावे.