मेल्युझिन : बंद दारामागची गाणी

‘जागतिक संगीत’ हे नाव व्यापाऱ्यांनी दिलेले आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात लंडनमधील काही लहान ध्वनिमुद्रिका कंपन्यांची मंडळी एका मद्यालयात जमली. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिका येथील गाणी दुकानातल्या कोणत्या कप्प्यात ठेवावीत, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यावर उपाय म्हणून हे नाव ठरले. तेव्हापासून पाश्चात्त्य गायकांच्या कित्येक आल्बमांत कुठे एखादा आफ्रिकी ढोल, कुठे सतारीची एखादी तान, पदार्थावर वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखी येते. पदार्थ दिसायला छान दिसतो. पण कोथिंबीर बाजूला काढली तरी चवीत फरक पडत नाही. म्हणून अशा मिश्रणापुढे आम्ही एकच साधा प्रश्न ठेवतो: हे मिसळणे गरजेपोटी झाले की सजावटीसाठी?

सेसील मॅक्लोरिन साल्वाँ या जॅझ गायिकेचा, मार्च २०२३ मध्ये प्रकाशित झालेला, ‘मेल्युझिन’ हा आल्बम या कसोटीवर घासून पाहावा असा आहे. त्यानंतर २०२५ मध्ये त्यांचा पुढचा आल्बमही आला. तरी ‘मेल्युझिन’ पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटतो. साल्वाँ यांचा जन्म १९८९ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरात झाला. वडील हैतीचे, व्यवसायाने डॉक्टर, आई फ्रेंच. घरात फ्रेंच, दाराबाहेर इंग्रजी आणि वडिलांच्या मुळाची हैतियन क्रेओल, अशा तीन भाषांच्या सावलीत त्या वाढल्या. २००७ मध्ये त्या दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे गेल्या. तेथे कायद्याच्या अभ्यासाबरोबर बरोक शैलीच्या गायनाचे शिक्षण आणि जॅझची दीक्षा अशा दोन्ही गोष्टी त्यांना लाभल्या. २०१० ची थेलोनियस मंक जॅझ स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि पुढे तीन वेळा ग्रॅमी पुरस्कार मिळवला. हा तपशील मानसन्मानांची यादी म्हणून आम्ही देत नाही. आल्बममधील प्रत्येक भाषा आणि प्रत्येक वळण याच चरित्रातून आलेले आहे, हे ध्यानी यावे म्हणून देतो.

मेल्युझिन ही फ्रान्सच्या लोककथेतील नायिका. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ज्याँ दारास या लेखकाने तिची कथा ग्रंथबद्ध केली. आईच्या शापामुळे दर शनिवारी तिच्या कमरेखालचे अंग सर्पाचे होई. रेमोंदँ नावाच्या सरदाराशी तिने लग्न केले ते एकाच अटीवर: शनिवारी त्याने तिला पाहावयाचे नाही. संसार भरभराटीला आला. ल्यूसिन्याँचा किल्ला उभा राहिला, दहा पुत्र झाले. मग भावाने कान भरले आणि रेमोंदँने तलवारीच्या टोकाने दाराला भोक पाडून आत पाहिले. पत्नी स्नान करीत होती, आणि तिची शेपटी पाण्यात होती. काही काळ त्याने हे गुपित राखले. पण पुढे एका मुलाने मठ जाळला व त्यात मठवासी झालेला दुसरा मुलगा दगावला, तेव्हा शोकाच्या भरात त्याने सर्वांदेखत तिला सर्पीण म्हटले. ती पंख असलेली नागीण होऊन खिडकीतून उडून गेली.

सर्प म्हटला की आपल्यासारख्या वाचकांच्या मनात प्रथम एदेन बाग उभी राहते. मध्ययुगातील चित्रकारांनी त्या सर्पाला स्त्रीचे तोंडही दिले. सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोनेही तसेच रंगवले. मेल्युझिन मात्र कुणाला मोहात पाडीत नाही. तिचे सर्परूप ही तिची जखम आहे, आणि ती तिने आठवड्यातून एक दिवस झाकून ठेवावी एवढेच तिचे मागणे आहे. ज्या बेरीच्या ड्यूकसाठी ज्याँ दारासने ही कथा लिहिली, त्याच ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी एक विख्यात प्रार्थनाग्रंथ चितारला. त्यातील मार्च महिन्याच्या पानावर ल्यूसिन्याँच्या बुरुजावरून उडणारी सोनेरी मेल्युझिन आजही दिसते. प्रार्थनेच्या पुस्तकात तिला जागा मिळाली, याचा अर्थ जुन्या श्रद्धावंतांनाही तिची करुणा वाटली असावी, असे आम्हांस वाटते.

साल्वाँ यांनी ही कथा निवेदनाने सांगितलेली नाही. गाण्यांच्या मांडणीने सांगितली आहे. चौदा गाण्यांपैकी पाच त्यांची स्वतःची, उरलेली नऊ इतरांची. त्यांतली सर्वांत जुनी बाराव्या शतकातली. आरंभी लुई आरागाँ यांची, लिओ फेरे यांनी स्वरबद्ध केलेली, माणसाच्या जगण्याविषयी प्रश्न विचारणारी कविता येते. पुढे शार्ल त्रेने यांचे मोहमयी वाटेचे गाणे: जणू रेमोंदँ अरण्यात वाट चुकला आहे आणि झऱ्याकाठी कुणी भेटणार आहे. त्याच्यामागून १९२० च्या दशकातील पॅरिसच्या रंगमंचावरील एक खट्याळ गाणे येते. कुणीतरी आपल्याला विवस्त्र पाहिले, अशी तक्रार त्यात हसतखेळत केलेली आहे. एकटे ऐकले तर ते केवळ थट्टेचे वाटेल. येथे मात्र श्रोत्याला दारामागचे स्नानगृह ठाऊक आहे, आणि त्या थट्टेच्या तळाशी भय दिसू लागते. मूळ गाण्याचा एक शब्दही न बदलता केवळ शेजार बदलून अर्थ पालटावा, ही जाणत्या कलावंताची खूण होय. लगेच पुढच्या गाण्यात वीडी ब्रेमा यांचे जेंबे आणि साल्वाँ यांचा आवाज एवढेच उरते. आपल्याला सुंदर म्हणा अशी विनवणी करणारी स्त्री आणि तिला उत्तर देणारा हाताखालचा चामड्याचा ढोल. येथे आफ्रिकी वाद्य सजावटीला आलेले नाही. ते गाण्यातले दुसरे पात्र आहे.

आल्बमच्या मध्यावर ‘आयदा’ आणि ‘वेदो’ अशी दोन छोटी गाणी आहेत. आयदा वेदो ही हैतीच्या लोकधर्मातील इंद्रधनुष्यरूपी सर्पदेवता. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती समुद्रापार आली. फ्रान्सच्या राजाने १६८५ मध्ये काढलेल्या गुलामविषयक कायद्याने त्या माणसांचा बाप्तिस्मा सक्तीचा केला होता. त्यांनी आपल्या सर्पदेवता संतांच्या तसबिरींमागे झाकून ठेवल्या. आईच्या देशाची सर्पस्त्री आणि वडिलांच्या देशाची सर्पदेवता या एका आल्बमात शेजारी बसतात, आणि दोघीही झाकून ठेवलेल्या आहेत. साल्वाँ यांनी हे मिश्रण बाहेरून आणलेले नाही. ते त्यांच्या रक्तात आधीच होते.

सतराव्या शतकातील मिशेल लांबेर यांची रचनाही येथे आहे. लपवलेल्या अग्नीविषयीचे ते दरबारी गीत साल्वाँ बरोक पद्धतीने, स्वच्छ आणि निष्कंप गातात, आणि साथीला मात्र सिंथेसायझरचे आजचे नाद ठेवतात. जुन्याला जुन्याच पोशाखात उभे करण्याचा मोह त्यांनी टाळला. त्यांचा आवाज खर्जात गंभीर होतो, वर गेला की लहान मुलीसारखा कोवळा होतो. एकाच स्त्रीची दोन अंगे दाखवावयास याहून योग्य साधन कोणते?

आल्बमचा खरा कस शेवटी लागतो. बाराव्या शतकात ऑक्सितान भाषेत काव्य करणाऱ्या इझेत आणि आल्मुक या दोन स्त्रियांचा एक छोटा काव्यसंवाद आज उपलब्ध आहे. आल्मुकचा अपराध केलेल्या सरदाराला क्षमा कर, अशी इझेत रदबदली करते. त्याला खरा पश्चात्ताप झाला असेल तर मी क्षमा करीन. पण तसा तो मला दिसत नाही, असे आल्मुक उत्तर देते. मेल्युझिनच्या विश्वासघातानंतर हा संवाद ऐकू येतो, तेव्हा तो रेमोंदँविषयीच चालला आहे असे वाटते. क्षमा आणि पश्चात्ताप यांचे नाते आपण लहानपणापासून शिकलो आहोत. येथे ते दोन बायकांच्या बोलण्यात, अगदी व्यवहारी सुरात येते, आणि म्हणूनच मनाला लागते. आल्मुकचे उत्तर साल्वाँ हैतियन क्रेओलमध्ये गातात. तो अनुवाद त्यांनी आपल्या वडिलांच्या साहाय्याने केला. १५३९ च्या राजाज्ञेने फ्रान्सच्या न्यायालयांत फ्रेंच भाषा सक्तीची झाली आणि ऑक्सितान मागे पडत गेली. हैतीमध्ये क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान १९८७ मध्ये मिळाला, म्हणजे लंडनच्या दुकानदारांनी आपल्या कप्प्याला नाव दिले त्याच वर्षी. दोन दडपलेल्या भाषा आठ शतकांचे अंतर ओलांडून एकमेकींशी बोलतात, आणि त्यांच्यामधला दुभाष्या बाप असतो. घरात बोली, शाळेत दुसरी भाषा आणि वेदीसमोर तिसरी, अशी वाटणी ज्यांच्या वाट्याला आली आहे, त्या वाचकांना याचे मोल निराळे सांगावयास नको.

उणिवा आहेतच. ‘स्टारमानिया’ या १९७८ च्या संगीतनाट्यातील गाणे सुरेख गायले गेले असले, तरी कथेच्या धाग्याला ते सैलच बांधलेले आहे. ‘आयदा’ व ‘वेदो’ थोडक्यात आटोपतात. ज्या देवतेवर एवढा अर्थ लादला आहे, तिला आणखी अवकाश मिळावयास हवा होता. आणि फ्रेंच न जाणणाऱ्या श्रोत्याने कथा आधी वाचून घेतली नाही, तर हा पाऊण तासाचा आल्बम त्याला सुट्या मण्यांसारखा वाटण्याचा संभव आहे. कथा ठाऊक करून घ्यावी आणि मग ऐकावे, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

या उणिवा मान्य करूनही आमचा निर्णय डळमळत नाही. आरंभी ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर या आल्बमात स्पष्ट आहे. येथील जेंबे काढले तर त्या विनवणीला उत्तर देणारे कुणी उरत नाही. क्रेओल काढली तर क्षमेची अट अनुच्चारित राहते. शिवाय हे सारे आपल्याला ज्या प्रश्नाशी आणून सोडते, तो संगीतापुरता नाही. आपल्या माणसाने एक दार बंद ठेवले असेल, तर त्या दाराबाहेर विश्वासाने थांबणे हेही प्रेमच असते. रेमोंदँपाशी किल्ला होता, संतती होती, वैभव होते; त्याला एवढे मात्र जमले नाही.