‘मिसबिहेव्हियर’: दोघींचंही खरं

२० नोव्हेंबर १९७०. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धा ऐन रंगात आली असताना स्त्रीमुक्तीवाद्यांनी खुळखुळे वाजवत पिठाच्या पुड्या फेकल्या आणि विनोद सांगत असलेल्या बॉब होपनं रंगमंचावरून पळ काढला. पुढे स्पर्धा पार पडली. ग्रेनाडाची जेनिफर होस्टन जिंकली. हा किताब मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. फिलिपा लोथॉर्प यांचा ‘मिसबिहेव्हियर’ (२०२०) या दोन्ही घटना एकाच नजरेच्या टप्प्यात आणतो.

या स्त्रीमुक्तीवाद्यांपैकी एक, सॅली अलेक्झांडर, विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मुलाखत द्यायला पुरुषांच्या मंडळासमोर बसते, तेव्हा स्पर्धेतल्या मुलींसारखंच तिचंही मोजमाप चाललेलं असतं. ही तुलना चित्रपट बोलून दाखवत नाही, दाखवून मोकळा होतो. त्यामुळे सॅलीचा संताप घोषणेतून नव्हे, अनुभवातून येतो.

पण चित्रपटाचा प्राण प्रसाधनगृहातल्या प्रसंगात आहे. सॅली (कीरा नाइटली) आणि जेनिफर (गुगु म्बाथा-रॉ) इथे समोरासमोर येतात. आमचा राग तुमच्यावर नाही, असं सॅली सांगू पाहते. जेनिफर आवाज चढवत नाही. आपल्याला पाहून कृष्णवर्णीय मुलींना या जगात आपलीही जागा आहे असं वाटेल, हे ती शांतपणे सांगते. सॅलीपुढे आयुष्यात जेवढ्या वाटा खुल्या आहेत, तेवढ्या आपल्यापुढेही असाव्यात, एवढंच तिचं मागणं. म्बाथा-रॉ यांच्या संयमामुळे हा वाद हारजितीचा राहत नाही.

वाटा खुल्या असणं म्हणजे काय, हे आपल्याला रीता फारियांवरून कळतं. गोव्याच्या कुटुंबातल्या, मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या फारिया १९६६ मध्ये ‘मिस वर्ल्ड’ झाल्या आणि पुढे डॉक्टरकीकडेच वळल्या. होस्टनसाठी मात्र हा मुकुटच पहिलं मोठं दार होता.

प्रत्यक्षात तो मुकुटही संशयातून सुटला नाही. परीक्षकांत ग्रेनाडा सरकारचे प्रमुख एरिक गेरी होते. नऊपैकी चौघांनी स्वीडनच्या स्पर्धकाला पहिली पसंती दिली होती, होस्टनला अवघ्या दोघांनी. तरी स्वीडन चौथ्या स्थानावर! आयोजकांनी मतपत्रिका उघड केल्या, तेव्हा दुसऱ्या ते पाचव्या पसंतीची मतं होस्टनकडे अधिक असल्याचं दिसलं. गुणदानाची पद्धत आधीच ठरलेली होती. तरीही स्वतःच्या देशाची स्पर्धक रिंगणात असताना गेरींनी परीक्षकाच्या खुर्चीत बसायला नको होतं. त्या खुर्चीमुळे होस्टनच्या यशावर नाहक डाग पडला. पुढे कॅनडात ग्रेनाडाची उच्चायुक्त झालेल्या या स्त्रीची योग्यता कुणा मंत्र्याच्या मताची मिंधी नव्हती.

दोन खऱ्या बाजूंपैकी एकीला खोटं न ठरवणं, हेच या चित्रपटाचं मोठेपण. सौंदर्यस्पर्धांविषयी तुमचं मत कुठलंही असो, तो जरूर पाहा.