पाठभेदांची नोंद आणि संगणक

प्राचीन ग्रंथाची चिकित्सित आवृत्ति म्हटली कीं वर चार ओळी मूळ आणि खालीं पाऊण पान बारीक टाइपांतल्या तळटीपा, असें चित्र वाचकाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या तळटीपा वाचणारा विरळा. पण संपादकाची अब्रू तेथेंच असते. अमुक शब्द कां घेतला आणि तमुक कां टाकला, याचा हिशेब तेथें मांडलेला असतो. हा हिशेब संगणकाकरवीं मांडण्याची रीत आतां जगांतील विद्यापीठांत रूढ झाली असून मराठी ग्रंथांसही ती लावावी असें पुष्कळांस वाटूं लागलें आहे. आम्हांसही तसेंच वाटतें. मात्र यंत्राकडून काय मागावयाचें हें अगोदर ठरविलें पाहिजे.

मूळ कल्पना कांहीं नवी नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताची आवृत्ति सिद्ध होत असतां लांबरुंद कागदांवर उभ्याआडव्या रेघा आखीत, श्लोकाचें एकेक अक्षर एकेका चौकटींत मांडीत आणि प्रत्येक पोथींत जेथें निराळें अक्षर आढळे तेथें तें त्याच रकान्यांत खालीं भरीत. डॉ. वि. सी. सुखठणकरांनीं १९३३ सालीं आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत हें सारें सांगितलें आहे. काम पुरें व्हावयास १९६६ साल उजाडलें. आज ‘कोलेटएक्स’ नांवाची प्रणाली पोथ्यांच्या नकला हातीं येतांच नेमका असाच तक्ता कांहीं क्षणांत काढून देते. व्हिएन्नाच्या स्टेफान हागेल यांची ‘क्लासिकल टेक्स्ट एडिटर’ ही प्रणाली तळटीपांचे थरच्या थर पानाखालीं आपोआप बसवून देते. डोळे आणि आयुष्य दोन्ही वांचविणाऱ्या या साधनांस नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु हीं साधनें जन्मलीं तीं लेखकानें एकदां लिहिलेल्या आणि नकलाकारांनीं पुढें बिघडविलेल्या ग्रंथांच्या सोयीसाठीं. आमच्या विदर्भांतला थोर ग्रंथ कोणता, तर म्हाइंभटांचें ‘लीळाचरित्र’; आणि त्याची गोष्ट निराळी आहे. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत नष्ट झाली आणि हिराइसा आदिकरून मंडळींच्या स्मरणांतून ती पुन्हा उभी केली गेली, असें महानुभाव परंपरा सांगते. म्हणून त्या पोथ्यांतील पाठभेद पुष्कळदां हाताच्या चुका नसून आठवणींतले फरक आहेत. आणि ते लपविलेले नाहींत. ‘वासना’ म्हणून, अमक्याचा पाठ असा म्हणून, ते पोथींतच आदरानें नोंदविलेले आहेत. पाठभेदांची टीप हा पाश्चात्य विद्येचा शोध आहे असें मानणारांनीं या पोथ्या एकवार उघडून पाहाव्यात.

अशा ग्रंथांत एक पाठ वर आणि बाकीचे खालीं, ही मांडणी कितपत न्यायाची? ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून, पुढें शं. गो. तुळपुळे यांनीं आणि १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं हा ग्रंथ संपादिला, तेव्हां छापील पानास दुसरी सोय नव्हती. संगणकास ती आहे. ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ या १९८७ पासून चालत आलेल्या संकेतपद्धतींत कोणत्याही पाठास मुख्यपणा न देतां सारे शेजारीं शेजारीं ठेवतां येतात. आमच्या मतें यंत्राचा खरा लाभ वेगांत नाहीं, येथें आहे; आणि नेमका तोच घेण्याचें कोणी मनावर घेत नाहीं.

नागरीच्या अडचणी तर वेगळ्याच. जुन्या पोथ्यांत शब्द तोडून लिहिलेले नसतात, आणि यंत्र शब्द ओळखतें तें मधल्या मोकळ्या जागेवरून. ‘म्हणितलें’, ‘म्हणीतलें’, ‘म्हणीतले’ हे त्याच्या लेखीं तीन पाठभेद. ऱ्हस्वदीर्घाचे नियम अगोदर ठरवून दिले नाहींत तर खऱ्या भेदांच्या दसपट कचरा गोळा होतो. त्यांत महानुभावांची सकळ लिपि! नागरींत घ आणि ध, म आणि भ यांची गफलत कोणासही समजते. सकळींत अक्षरांच्या जागीं दुसरींच चिन्हें असल्यामुळें, त्या चिन्हांत घोटाळा झाला म्हणजे नागरींत उतरविल्यावर एकमेकांशीं मुळींच न जुळणारीं अक्षरें समोर येतात. यंत्र भेद दाखवील; त्याचें कारण लिहिण्यास सकळ वाचणारा माणूसच लागेल, आणि तो घडविण्याची तजवीज फारच थोड्या ठिकाणीं आहे.

टिकाऊपणाचाही विचार हवा. चॉसरच्या कथांसाठीं पीटर रॉबिन्सन यांनीं वापरलेली ‘कोलेट’ प्रणाली जुन्या मॅकिंटॉश यंत्रावर चाले. ती यंत्रपद्धति मागें पडली तशी प्रणालीही निरुपयोगी झाली. शाईनें लिहिलेल्या आमच्या पोथ्या शतकें टिकल्या! म्हणून मूळ नोंद साध्या अक्षरसंचिकेंत, सर्वमान्य संकेतांनीं ठेवावी. एखाद्या प्रणालीच्या पोटांत कोंडूं नये.

आम्ही राहतों त्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. भामरागड-एटापल्लीकडील माडियांच्या कथागीतांना पोथीच नाहीं. गांव बदललें कीं पाठ बदलतो. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून इकडचे विद्यार्थी अशा कथा मोबाइलवर टिपून आणतात आणि प्रबंधांत त्यांतली एकच ‘शुद्ध’ म्हणून छापतात. बाकीच्या टिपणांचें पुढें काय होतें, हें मार्गदर्शकही विचारीत नाहींत. लीळाचरित्राच्या लेखनिकांनीं ज्याची वासना त्याच्या नांवानें राखली, तेवढी दक्षता येथें सहज घेतां येईल: सांगणाऱ्याच्या संमतीनें त्याचें नांव, गांव, दिवस आणि त्याचा पाठ, सारे पाठ एका तक्त्यांत. त्यासाठीं महागडी प्रणाली लागत नाहीं. महाविद्यालयांतील जुना संगणक पुरतो.