डोंगरी आणि सत्त्याण्णव: टिळकांचे दोन वेगळे तुरुंगवास

लोकमान्य टिळकांचं चरित्र आपण शाळेपासून ऐकत आलोय. डोंगरी, मग 1897 ची शिक्षा, मग मंडाले. तुरुंगांची एक माळ ओवायची आणि शेवटी हात जोडायचे. चरित्र सांगण्याच्या या रीतीवरच आमचा आक्षेप आहे. तिच्यात पुढारी दिसतो, संपादक हरवतो.

आधी 1882 पाहू. आगरकर 'केसरी' सांभाळत होते, टिळक 'मराठा'. हे आगरकर अकोल्याहून मॅट्रिक झालेले. आणि आपला वाशिम तर 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातच होता. म्हणजे ही गोष्ट अगदीच परक्या मुलखातली नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं दोन्ही पत्रांनी छापलं. आधाराला घेतलेली पत्रं बनावट निघाली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. 101 दिवसांनी ते डोंगरीतून सुटले. लोकांनी स्वागत केलं. हेतू चांगला होता, खरंच. पण कागद पारखून घेणं हे संपादकाचं पहिलं काम. ते तिथं चुकलं होतं, हेही तितकंच खरं.

आता 1897. टिळक तेव्हा मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद होते. पुण्यात प्लेग, घरांच्या झडत्या, लोक चिडलेले. 'केसरी'त शिवाजी उत्सवाच्या निमित्तानं आलेल्या मजकुरावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला. ज्यूरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. इथं खोटे कागद छापल्याचा आरोपच नव्हता. प्रश्न होता तो सरकारवर टीका करण्याच्या हक्काचा.

एक खटला पडताळणीचा, दुसरा स्वातंत्र्याचा. दोन्ही एकाच माळेत ओवले की पहिल्यातली चूक झाकली जाते आणि दुसऱ्यातला अन्याय फिका पडतो. न. चिं. केळकरांचं तीन खंडांतलं चरित्र वाचतानाही हे भान ठेवावं. केळकर स्वतः 'केसरी'चे संपादक आणि राजकारणी. अशा चरित्रकाराकडून आतले तपशील मिळतात. झाडाझडती मात्र वाचकानंच घ्यायची असते.

आज मोबाइलवर आलेला कागद न तपासता पुढे ढकलणारे आपण सगळेच छोटे संपादक आहोत. आणि तालुक्याच्या एखाद्या बातमीदारावर गुन्हा दाखल झाला, की लगेच त्याला हुतात्मा तरी करतो नाहीतर गुन्हेगार तरी. त्याआधी एवढंच विचारावं: हे प्रकरण डोंगरीचं आहे की सत्त्याण्णवचं? टिळकांचा खरा आदर त्या प्रश्नात आहे, असं आम्हाला वाटतं.